आधी हौद, मग तांब्या: इंदूरच्या घरातलं पाणी कसं धरायचं

घरात पाणी वाचवायचं ठरलं की आपली नजर सगळ्यात आधी माणसांवर जाते. आंघोळीला एकच बादली, दात घासताना नळ बंद. हे बरोबरच आहे. पण एक दिवस आड नळ येणाऱ्या घरात खरं नुकसान होतं ते कुणाचंही लक्ष नसताना. हौदाच्या तड्यातून, भरून वाहणाऱ्या टाकीतून, रात्रभर झिरपणाऱ्या फ्लशमधून. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: जे आपोआप वाहतं ते आधी, हाताने सांडतं ते नंतर.

हे पाणी येतं कुठून, तेही लक्षात असू द्या. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेतून उपसलेलं पाणी विंध्याचा चढ चढून इंदूरला पोचतं. १९७८ पासून शहर या योजनेवर उभं आहे. हजार लिटर पाणी ५०० मीटर वर उचलायला, पंपातला तोटा न धरताही, १.३६ युनिट वीज लागते, आणि इथला चढ त्याहून जास्त आहे. हौदातून गळणारं पाणी हे असं डोंगर चढून आलेलं पाणी असतं.

एका रात्रीत गळती शोधा

नळ येण्याच्या आदल्या रात्री, घर झोपल्यावर हे करा. वरच्या टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद करा. मोटरची वायर प्लगमधून काढून ठेवा. मग एक सरळ काठी हौदात आणि एक वरच्या टाकीत बुडवून पाण्याच्या रेघेवर खडूने खूण करा. सहा तासांनी पुन्हा मोजा.

हौद आतून २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असेल, तर १ सेंटिमीटर पातळी उतरणं म्हणजे ३० लिटर पाणी गेलं. सहा तासांत २ सेंटिमीटर उतरलं, तर दिवसाला २४० लिटर जमिनीत जात आहेत. झाकलेल्या हौदात वाफेने फारसं काही उडत नाही, तेव्हा उन्हाळ्याला दोष देऊ नका.

हौद स्थिर आणि वरची टाकी उतरली, तर दोष टाकीच्या तळाच्या जोडात, व्हॉल्व्हमध्ये किंवा मोटरच्या पाइपात आहे. मोटरचा पाइप टाकीत खालून जोडलेला असेल आणि त्यावरचा एकदिशा व्हॉल्व्ह खराब असेल, तर टाकीतलं पाणी त्याच वाटेने हौदात परत येतं. अशा वेळी टाकी उतरते आणि हौद चढतो. ते पाणी वाया जात नाही, पण तेच तेच वर चढवण्याची वीज जाते. दोन्ही पातळ्या स्थिर राहिल्या, तर दुसऱ्या रात्री तोच व्हॉल्व्ह उघडा ठेवून, घरातले सगळे नळ बंद करून पुन्हा मोजा. आता टाकी उतरली तर गळती घरातच आहे, आणि बहुतेक वेळा ती फ्लशमध्ये सापडते.

हौदाला तडे का जातात, हे माळव्याच्या काळ्या मातीकडे पाहिलं की कळतं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आकसून भेगाळते. हौदाच्या भिंतींना ती दर वर्षी दाबते आणि सोडते, म्हणून तडा बहुधा भिंत आणि तळ जुळतात त्या कोपऱ्यात जातो. एक गोष्ट उलटीही तपासा: पावसाळ्यात न भरताच हौदाची पातळी वाढत असेल, तर बाहेरचं गढूळ पाणी आत शिरतं आहे. ते पाण्याच्या नासाडीपेक्षा गंभीर. दुरुस्ती होईपर्यंत त्या हौदाचं पाणी पिऊ नका.

दुरुस्ती अशी. पाणी तळाला आलं की शेवटचं चार बोटं पाणी अंगण आणि जिना धुवायला काढून घ्या. झाकण उघडून किमान तासभर हवा खेळू द्या, मोटरची वायर काढलेली असू द्या, आणि बाहेर दुसरं माणूस उभं असल्याशिवाय कुणीही आत उतरू नये. बंद हौदात हवा कोंडलेली असते, त्यामुळे यात तडजोड नाही. तडा छिन्नीने इंग्रजी व्हीसारखा १०–१२ मिलिमीटर खोल उघडा, तारेच्या ब्रशने धूळ काढा, ओला करा, आणि पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला दाबून भरा. दोन दिवस ओलावा राखा. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारंच द्रावण घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. वरून नुसतं सिमेंट फासलेली दुरुस्ती एका उन्हाळ्यात उघडी पडते, कारण तडा आतून जिवंतच राहतो.

भरून वाहणारी टाकी

अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर दुसऱ्या मजल्यावर मिनिटाला साधारण २५ ते ३० लिटर पाणी चढवते. मोटर लावून दहा मिनिटं विसरलात, तर अडीचशे-तीनशे लिटर गच्चीच्या पन्हाळीतून गल्लीत गेले. "लक्ष ठेवा" हा यावरचा उपाय नव्हे. लक्ष चुकणारच.

महापालिकेच्या नळातून हौदात पाणी येतं तिथे बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा नळ, हवा. त्याचा दांडा असा वाकवा किंवा त्याचा स्क्रू असा फिरवा की पाणी ओव्हरफ्लोच्या भोकापेक्षा ५ सेंटिमीटर खाली थांबेल. बॉलकॉक बिघडतो तो दोन कारणांनी: गोळ्यात पाणी शिरून तो जड होतो, किंवा तोंडातल्या रबरावर वाळूचा कण बसतो. गोळा काढून कानाशी हलवा. आत खळखळ आली की बदला.

वरच्या टाकीला मात्र नुसता बॉलकॉक लावून मोटर चालू सोडू नका. ही चूक फार घरांत दिसते. टाकी भरली की बॉलकॉक तोंड बंद करतो, मोटर मात्र बंद पाइपावर जोर लावत राहते, तापते, आणि एखादा जोड तिथेच सुटतो. तिथे मोटर बंद करणारी स्वयंचलित सोय हवी. दोन प्रकार मिळतात. तरंगता स्विच स्वस्त असतो, पण त्यात घरची २३० व्होल्टची वीज पाण्यापर्यंत जाते, तेव्हा त्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, नसेल तर तो लावू नका. दुसरा कमी व्होल्टवर चालणारा लेव्हल कंट्रोलर. त्यातही चुंबकी सेन्सरचा घ्या. स्टीलच्या उघड्या काड्यांचा सेन्सर बोरिंगच्या जड पाण्यात क्षार बसून वर्षभरात आंधळा होतो आणि टाकी पुन्हा वाहू लागते. हौदातही एक सेन्सर टाकला, तर हौद रिकामा असताना मोटर कोरडी चालून जळण्याची भीती राहत नाही.

आणि नळाच्या लाइनला थेट मोटर लावू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न तब्येतीचा. मोटर लाइनमधलं पाणी ओढते, तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि पाइपाला कुठे भेग असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते फक्त आपल्याच घरात येईल असंही नाही.

फ्लश आणि नळ

फ्लशची गळती दिसत नाही, ऐकू येत नाही. मिनिटाला एक पेला, म्हणजे १५० मिलिलिटर झिरपलं, तरी दिवसाचे २१६ लिटर होतात. तपासायला कपड्यांची नीळ पुरते. झोपताना फ्लशच्या टाकीत चमचाभर नीळ टाका, अर्धा तास कुणी वापरू नका, मग टॉर्चने भांड्यात पाहा. भांड्यात निळसर धार उतरलेली दिसली, तर तळाचं रबरी सील गेलं. सील आपल्या टाकीच्या कंपनीचंच घ्या. जुनं काढून दुकानात दाखवणं सगळ्यात सोपं. बसवण्याआधी ज्या कडेवर ते टेकतं ती कड जुन्या टूथब्रशने क्षार जाईपर्यंत घासा, नाहीतर नवं सीलही गळेल. पण टाकीत पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून आत पडताना दिसलं, तर दोष सीलचा नाही, तरंगत्या बोयाचा. पातळी नळीच्या तोंडाखाली अडीच सेंटिमीटर आणा.

जुनी टाकी एका फ्लशला १० लिटरच्या वर सोडत असेल, तर तिच्यात रेती भरून झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी करा, बोयाला लागणार नाही अशी. वीट टाकू नका. ती पाण्यात झिजते आणि तिची भुकटी सीलखाली अडकते. तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत बाटलीही टाकू नका. पाणी कमी पडलं की माणूस दोनदा दाबतो आणि सगळा हिशोब उलटतो.

टपकणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा. अर्धा लिटर जमलं, तर महिन्याला ३६० लिटर होतात. पितळी, फिरवायचा जुना नळ असेल तर काम पंधरा मिनिटांचं. मागचा व्हॉल्व्ह बंद करा, उरलेलं पाणी बादलीत काढा, मूठ काढा, पान्याने वरचा नट सोडवा, दांडा उचला. त्याच्या टोकाला रबरी चकती असते. दुकानात "अर्ध्या इंचाचा वायसर" म्हणून मागा. इथले दुकानदार हिंदीत बोलतात, पण वायसर म्हटलं की कळतं. जुना वायसर सोबत न्या, कारण एका मिलिमीटरच्या फरकानेही तो बसत नाही. नवा वायसर पंधरा दिवसांत पुन्हा गेला, तर दोष वायसरचा नसतो. आतली पितळी बैठक खरवडलेली असते. ती प्लंबरकडून घासून घ्या, नाहीतर नळच बदला. पाव फेरीच्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकचं काडतूस असतं. ते पूर्णच बदलतात. आटे जोडताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यासारखी, आठ-दहा वेढे ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली की घट्ट करताना ती गोळा होऊन बाहेर येते.

नळाचा वेग मोजायचा तर एक लिटरची बाटली धरा. ती ६ सेकंदांत भरली, तर वेग मिनिटाला १० लिटर. हात धुवायच्या आणि भांड्यांच्या नळाला १५ ते २० सेकंद लागले तरी काही अडत नाही. तेवढ्यासाठी फेसाळ धार देणारी जाळी, म्हणजे एरेटर, लावा, किंवा खालचा अँगल कॉक, म्हणजे नळाआधीचा छोटा व्हॉल्व्ह, थोडा आवळा. एरेटरची जाळी बोरिंगच्या पाण्याने तुंबते, तेव्हा दोन महिन्यांतून एकदा ती कोमट पाण्यात लिंबाचं सत टाकून तासभर बुडवून ठेवा. बादली भरायच्या नळाला मात्र यातलं काही करू नका. बादली जेवढी आहे तेवढीच भरते, फक्त वेळ जास्त लागेल. आणि टाकी न्हाणीच्या जेमतेम दोन मीटर वर असेल, तर कमी पाण्याचा शॉवर घेऊ नका. तेवढ्या दाबावर त्यातून नुसते थेंब पडतात आणि तो महिन्याभरात काढून ठेवला जातो.

शिळं पाणी

आपल्या घरांतली एक जुनी सवय इथे सांगितलीच पाहिजे. नळ आला की कालचं, परवाचं पाणी "शिळं" म्हणून मोरीत ओतायचं, हंडे-कळश्या घासायच्या आणि ताजं भरायचं. पूर्वी विहिरीवरून रोज पाणी यायचं तेव्हा ते परवडत होतं. दोन दिवसांत पाणी नासत नाही. त्यात बोटं बुडतात, झाकण उघडं राहतं, म्हणून ते खराब होतं. पिण्याच्या भांड्याला तोटी लावा, किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा. तरीही जुनं पिववत नसेल तर तेच पाणी डाळ-तांदूळ धुवायला आणि पोछ्याला घ्या. चार हंडे म्हणजे ५०–६० लिटर, आणि महिन्यात पंधरा वेळा नळ येतो.

आरओचं पाहा. त्याच्या मागच्या नळीखाली बादली आणि पुढे तांब्या ठेवून मोजा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जाणं नेहमीचं आहे. चार लिटर जात असतील, तर मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, तुंबलं आहे किंवा दाब कमी आहे. पण त्याआधी टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते मोजा. ५०० च्या आत असेल, आणि नर्मदेच्या नळाचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं, तर आरओची गरजच नसते. जंतूंसाठी यूव्ही किंवा उकळणं पुरतं. ते मात्र चुकवू नका. बोरिंगवरच राहणाऱ्या घरांना आरओ लागतो. त्यांनी बाहेर पडणारं पाणी भांड्यांच्या पहिल्या धुण्याला, पोछ्याला आणि फ्लशला वापरावं. कुंड्यांना रोज घालू नये. क्षार साठून मातीवर पांढरा पापुद्रा येतो आणि तुळस कडेने जळू लागते.

भांडी वाहत्या नळाखाली दहा मिनिटं घासली तर ८०–१०० लिटर जातात. खरकटं आधी सुकं निपटून, दोन घमेल्यांत, एकात घासणं आणि दुसऱ्यात विसळणं, तीच भांडी २० लिटरमध्ये निघतात. कपड्यांच्या अर्धस्वयंचलित मशीनमध्ये शेवटच्या विसळण्याचं पाणी बादलीत धरा आणि पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला घाला.

मोरीच्या पाण्यावर परसात अळू लावायची आपली रीत उत्तमच, पण ती राखेने भांडी घासायच्या काळातली. आता त्या पाण्यात डिटर्जंट असतं, तेव्हा खायचं अळू नको, कर्दळ लावा. एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल खड्ड्याला जाड प्लॅस्टिक अंथरा. तळाला ४० मिलिमीटरची काळी गिट्टी, वर बारीक गिट्टी भरा आणि कर्दळीचे सहा-आठ कंद लावा. यात दिवसाचे १०० ते १५० लिटर मावतात. बाहेर जाणारा पाइप गिट्टीच्या पृष्ठभागाखाली ५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे वर पाणी साचून डास होणार नाहीत. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी आधी एका झाकणाच्या बादलीतून जाऊ द्या आणि वर आलेला थर आठवड्याने काढा. हे पाणी बादल्यांत साठवायचं असेल, तर त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्याला वास येतोच.

गच्चीवरचा पाऊस

इंदूरला वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. वाफ आणि पहिलं घाण पाणी वजा करून ८० टक्के हाती लागलं, तरी ७० हजार लिटर. "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणणाऱ्या माळव्यात आता बोअर खोल खोल जातात, कारण खालचा काळा बेसॉल्ट खडक पाणी फक्त आपल्या भेगांत साठवतो आणि त्या भरायला वेळ लागतो.

उताराचे सगळे पाइप एका ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात आणा. आडव्या पाइपाला दर मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या. पहिल्या सरीची धूळ आणि कबुतरांची घाण बाजूला काढायला आधी ५० लिटरचा एक बंद ड्रम टी-जोडाने लावा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप गाळणीकडे वळतं. त्याच्या तळाला छोटा नळ ठेवा आणि प्रत्येक पावसानंतर ड्रम रिकामा करा. हे राहिलं की पुढच्या पावसाची घाण थेट आत जाते.

गाळणीला २०० लिटरचा ड्रम पुरतो. तळाला ४० मिलिमीटरची गिट्टी २० सेंटिमीटर, वर १० मिलिमीटरची १५ सेंटिमीटर, वर जाड धुतलेली वाळू २० सेंटिमीटर. प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. जाळी नसेल तर वाळू गिट्टीत उतरते आणि दोन पावसांत गाळणी बसते. दगडाची चुरी वाळूच्या जागी चालत नाही. ती सिमेंटसारखी घट्ट होते. ड्रमच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लो ठेवा, म्हणजे मुसळधार पावसात पाणी उलटं गच्चीवर चढणार नाही.

गाळलेलं पाणी आधी हौदात घ्या. वापरण्याआधी हजार लिटरला ४ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ तेवढी ओता आणि अर्धा तास थांबा. हौद भरला की जास्तीचं पाणी बोअरकडे वळवा. बोअरमध्ये फक्त गच्चीचं गाळलेलं पाणी सोडायचं. अंगणाचं, गोठ्याचं, गाडी धुतल्याचं कधीच नाही. एकदा घाण खाली गेली की ती काढता येत नाही आणि शेजारच्या बोअरपर्यंत पोचते.

बोअर नसेल आणि शोषखड्डा करायचा असेल, तर आधी मातीची परीक्षा घ्या. एक फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात किती उतरतं ते मोजा. दोन सेंटिमीटरही उतरलं नाही, तर अजून काळी मातीच आहे. तिच्यात केलेला खड्डा डबकं होतो. काळ्या मातीचा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणावंच लागतं. खड्डा घराच्या पायापासून किमान ३ मीटर आणि सेप्टिक टँकपासून १५ मीटर हवा. पायाशी काळी माती भिजून फुगली की भिंतींना तडे जातात. एवढी जागा नसेल, तर शोषखड्डा करू नका. हौद आणि बोअरवरच थांबा.

कामं कधी काढायची, हेही ठरवून ठेवा. हौदाची दुरुस्ती गुढीपाडव्याच्या आसपास, टँकरची वेळ येण्याआधी, कारण मसाला पिकायला आठवडा लागतो आणि तोवर हौद रिकामा हवा. तेवढे दिवस शेजाऱ्यांच्या हौदातून पाइप टाकता येतो का, ते आधी विचारून ठेवा. मृग लागण्याआधी गच्ची झाडून पन्हाळीची जाळी, पहिल्या सरीचा ड्रम आणि गाळणीची वाळू धुऊन घ्या. पावसाळ्यात गाळणीतून पाणी हळू उतरायला लागलं, की वरची पाच सेंटिमीटर वाळू काढून घमेल्यात धुवा आणि परत घाला.